पडीक रानातली वर्दळ

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सगळ्यांना नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय छापलाय, ‘शेती सुटल्यावर वर्षावन कोणत्या क्रमाने परततं’. तो क्रम मी सांगणार आहे, तसा शब्द दिलाय. पण त्याआधी एका शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. तो शब्द म्हणजे ‘पडीक’.

माणूस पडून आहे म्हटलं की तो आजारी असतो. वस्तू पडून आहे म्हटलं की ती कुणाच्या कामाची नसते. आणि जमीन पडीक म्हटली की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो, वाया चाललीय, काहीतरी करायला हवं. मराठीत जमिनीचा हिशेब नांगर ठेवतो. नांगर लागला तर ती कसलेली, नाही लागला तर ती पडलेली. नांगर थांबल्यानंतर त्या मातीत जे सुरू होतं त्याला आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्दच नाही. ज्याला शब्द नाही ते नजरेला पडत नाही, आणि जे नजरेला पडत नाही ते कापताना हात थांबत नाही. आज मी बोलायला उभी आहे ती यासाठीच.

पुढे जाण्याआधी एक विचारते. तुमच्यापैकी ज्यांना वटवाघळं अजिबात आवडत नाहीत त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. ठीक आहे, हात खाली घ्या. शेवटी पुन्हा विचारणार आहे.

आता ती हकिगत. आम्ही काही जण एका वर्षावनाच्या कडेला दर वर्षी एका तुकड्याची मोजणी करत होतो. मोजणी सुरू केली तेव्हा तिथली शेती नुकतीच सुटली होती. मोजणी म्हणजे काम साधंच: प्रत्येक झाडाला क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, आणि शेजारी नवीन काय उगवलंय त्याची नोंद. सुरुवातीला तिथे नुसतं गवत आणि रानमोडी होती. तिसऱ्या-चौथ्या वर्षी चांदाड्याने डोकं वर काढलं. चांदाडा तुम्ही पाहिलाच असेल, मोठं गोल ढालीसारखं पान, देठ पानाच्या कडेला नसून पोटात रुतलेला. त्याची सावली पडली तसं गवत विरळ होऊ लागलं. आठव्या वर्षी त्या सावलीत मला जंगली जायफळाचं एक रोप सापडलं. दोन पानं होती फक्त. त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं, जणू नातेवाइकाकडे बाळ झालंय. कारण जायफळाचं बी वाऱ्याने येत नाही, वटवाघळाच्या पोटातूनही येत नाही. एवढं मोठं बी गिळायला मोठ्या गळ्याचा पक्षी लागतो. म्हणजे आमच्या त्या तुकड्यावर कधीतरी एक धनेश येऊन बसला होता. आम्ही त्याला पाहिलं नव्हतं. तो आल्याची पावती मात्र दोन पानांची होती.

अकराव्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा बिल्ले जमिनीवर पडलेले होते. खिळ्यासकट. एक उचलला तर त्याला सालीचा तुकडा अजून चिकटलेला होता. एका संस्थेने तिथे वृक्षारोपण करायचं ठरवलं होतं, आणि वृक्षारोपणासाठी जागा साफ हवी म्हणून सगळं साफ केलं होतं. ओळीने खड्डे, खड्ड्यांत एकाच जातीची रोपं, प्रत्येक रोपाला आधाराची काठी. फलकावर ‘पडीक जमिनीवर हिरवाई’ असं काहीसं लिहिलं होतं. मी त्या लोकांशी बोलले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. मनापासून घाम गाळला होता त्यांनी. त्यांना तिथे झुडूप दिसलं होतं, एवढंच. मी जायफळाच्या रोपाबद्दल विचारलं तेव्हा त्यांच्यातल्या एका मुलाने फार प्रामाणिकपणे विचारलं, “ते कुठे होतं?” मला ती जागा बोटाने दाखवता आली, रोप दाखवता आलं नाही.

हे इतकं लांबवून सांगतेय कारण ही एका तुकड्याची गोष्ट नाही. जगातल्या उष्णकटिबंधात आज जे जंगल उभं आहे त्यातलं निम्म्याहून अधिक असंच आहे, कधीतरी तोडलेलं, कसलेलं, चारलेलं, आणि मग पुन्हा उगवून आलेलं. दक्षिण कोस्टारिकाच्या एका भागात जुन्या हवाई छायाचित्रांवरून असं पुन्हा उगवलेलं जंगल किती टिकतं ते तपासलं गेलं. 20 वर्षांच्या आत त्यातलं निम्मं पुन्हा तोडलं गेलं होतं. 20 वर्षं हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि कोवळ्या रानाला कमी लेखायचं काही कारण नाही. लॅटिन अमेरिकेतल्या 45 ठिकाणच्या सुमारे 1500 तुकड्यांची मोजमापं एकत्र करून 2016 मध्ये एक मोठा अभ्यास आला. वीस वर्षांचं असं रान दर वर्षी हवेतून जितका कार्बन ओढून घेतं तो जुन्या जंगलाच्या अकरा पट असतो. जुनं जंगल म्हणजे भरलेलं कोठार, त्यातला साठा प्रचंड, पण नवी आवक थोडी. कोवळं रान म्हणजे सुगीचे दिवस. सुगीत कोणी शेताला पडीक म्हणतं का?

आता वटवाघळं. संयोजकांनी सांगितलंय की प्राण्यांबद्दल थोडक्यात बोला. प्रयत्न करते.

जंगल परत यायचं तर आधी बी यायला हवं. मातीत काही बी झोपलेलं असतं, काही तोडलेल्या खोडांना फुटवे येतात, पण वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीत हे दोन्ही आटत जातात. मग बाहेरून येणाऱ्या बियांवर भिस्त. वर्षावनातली बहुतेक झाडं, काही जंगलांत दहापैकी आठ-नऊ, आपलं बी प्राण्यांच्या हवाली करतात. वाऱ्यावर सोडणारी थोडी. म्हणून ‘जमीन मोकळी सोडली की जंगल आपोआप येतं’ या वाक्यातला ‘आपोआप’ मला मान्य नाही. कोणीतरी आणतं. दाणा दाणा करून आणतं.

एका सोडलेल्या कुरणात मधोमध उंबर होता, एकटा. मी दोन पांढरी कापडं अंथरली, एक उंबराखाली आणि एक चाळीस पावलं दूर, उघड्यावर. संध्याकाळी बसले. अंधार पडला तसा पंखांचा आवाज सुरू झाला, ओल्या कापडाची घडी झटकावी तसा. वटवाघूळ झाडावर बसून जेवत नाही. फळ तोडतं, तोंडात घेतं आणि दुसऱ्या कुठल्या तरी निवांत फांदीवर जाऊन खातं. रस पितं, चोथा थुंकतं. उंबराचं बी इतकं बारीक की ते रसाबरोबर पोटात जातं, आणि अर्ध्या तासाच्या आसपास खाली पडतं. मुख्य गोष्ट अशी की वटवाघूळ उडता उडता विष्ठा टाकतं. पक्षी बहुधा बसून टाकतो, आणि बसायला त्याला फांदी लागते. उघडं माळरान ओलांडायला बरेच रानपक्षी धजत नाहीत, वरून ससाणा येईल ही भीती. वटवाघळाला रात्र झाकून घेते.

सकाळी उजाडायच्या आधी मी दोन्ही कापडं पाहिली, आणि मग दुपारी पुन्हा. उंबराखालच्या कापडावर दिवसा बुलबुलांनी भर घातली होती. दूरच्या, उघड्यावरच्या कापडावर दिवसभरात एकही ठिपका पडला नव्हता. तिथे जे होतं ते सगळं रात्रीचं. मी तो एक काळपट, ओलसर ठिपका बारीक गाळणीत धुतला. गाळणीत राहिला तो पिवळसर कणांचा चिमूटभर थर, एकेक कण खसखशीहून थोडा मोठा. भिंगाखाली धरलं तर प्रत्येक कण एक बी, गुळगुळीत, एका टोकाला किंचित टोकदार. एका ठिपक्यात मी मोजायला घेतली आणि शंभरानंतर सोडून दिली. चाळीस पावलं दूर, जिथे एकही फांदी नाही, तिथे रात्रीतून कोणीतरी पेरणी करून गेलं होतं.

मेक्सिकोतल्या लॉस तुश्तलास भागात कुरणात शिल्लक ठेवलेल्या एकट्या झाडांखाली काय उगवतं याचा अभ्यास 1980च्या दशकात झाला. गुरांच्या सावलीसाठी ठेवलेली ती झाडं. त्यांच्याखाली जंगलातल्या झाडांची रोपं दाटीने सापडली. पक्षी आणि वटवाघळं त्या झाडाला थांबा करतात. शेत सोडताना मधलं एखादं मोठं झाड तोडलं नाही तर त्या शेताचं पुढचं शतक बदलतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि बी जमिनीवर पडलं की गोष्ट संपत नाही. शेणकिडे ते मातीत पुरतात. कुरतडणारे प्राणी पळवतात. पनामात अगूटी नावाचा एक प्राणी आहे, सशाएवढा, उंच पायांचा. तो एका माडकुळातल्या झाडाचं कठीण बी जमिनीत पुरून ठेवतो, पुढच्या टंचाईसाठी. अभ्यासकांनी त्या बियांना बारीक ट्रान्समीटर लावले. दिसलं असं की दुसरा अगूटी येतो, ते चोरतो, दुसरीकडे पुरतो, मग तिसरा. एक बी 36 वेळा पुरलं आणि उकरलं गेलं. एकूण प्रवास पाऊण किलोमीटरच्या जवळपास, आणि शेवटी ते मूळ जागेपासून 280 मीटरवर होतं. चोऱ्यामाऱ्यांतून जंगल पुढे सरकतं. हे ऐकून हसताय, मला आनंद आहे, पण शिकार होऊन अगूटी संपला तर ते बी आईच्या पायाशीच सडतं.

चिठ्ठी आली. बारा मिनिटं. बरं, आता पत्रिकेतला विषय.

2021 मध्ये उष्णकटिबंधीय अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेतल्या 77 ठिकाणांची, 2275 तुकड्यांची मोजमापं एकत्र करून एक उत्तर मिळालं. ‘जंगल परत यायला किती वर्षं’ हा प्रश्नच त्यांनी तोडून लहान केला. मातीला किती, पानांच्या आणि लाकडाच्या गुणधर्मांना किती, उंची-दाटीला किती, जातींच्या संख्येला किती, उभ्या झाडोऱ्याच्या वजनाला किती. सगळ्यात आधी माती सावरते, दहा वर्षांच्या आत. अर्थात ही जमीन फार ओरबाडलेली नसली तर. मग झाडांची वागणूक, म्हणजे लाकूड किती घट्ट, पान किती टिकाऊ, साधारण पंचवीस वर्षांच्या आत. जंगलाची उभारणी, म्हणजे थोर झाडं, लहान झाडं, उंच-सखलपणा, आणि जातींची संख्या पंचवीस ते साठ वर्षांत. आणि सगळ्यात शेवटी एकूण वजन, आणि नेमक्या कोणत्या जाती, तिथे 120 वर्षांहून जास्त. हे सगळे निकष मिळून वीस वर्षांत सरासरीने जुन्या जंगलाच्या 78 टक्क्यांपर्यंत मजल जाते. आता ती मघाची 20 वर्षं आठवा, ज्यांच्या आत निम्मं रान पुन्हा तोडलं जातं.

इथे एक घोळ मनातून काढायला हवा. जातींची संख्या लवकर भरते, पण जाती त्याच नसतात. वीस वर्षांच्या रानात जुन्या जंगलाच्या ऐंशी टक्के जाती मोजता येतात, तरी जुन्या जंगलाशी साम्य फार तर एक तृतीयांश. गर्दी जमते, माणसं वेगळी असतात. म्हणून नुसती संख्या मोजणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही. एक्वादोरच्या चोको भागात सोडलेल्या कोको-बागा आणि कुरणांत ध्वनिमुद्रक लावून रानाचा आवाजच मोजला गेला. तिथेही हेच दिसलं, किती जण ओरडतात यापेक्षा कोण ओरडतंय यावरून रान किती सावरलं ते नीट कळतं.

पहिले येणारे कोण? दक्षिण अमेरिकेत सेक्रोपिया, आफ्रिकेत मुसांगा, आशियात आपला चांदाडा आणि त्याचे भाऊबंद. सगळे एकाच स्वभावाचे: बारीक बी, भरपूर बी, उजेडाची हाव, वर्षाला दीड-दोन मीटर वाढ, हलकं लाकूड, आयुष्य काही दशकांचं. सेक्रोपियाच्या पोकळ खोडात मुंग्या राहतात आणि त्याची राखण करतात. यांचं काम सावली धरणं आणि पाहुण्यांना बसायला फांदी देणं. त्यांच्या जोडीला शेंगवर्गीय झाडं. पनामात मोजलं गेलं की पहिल्या बारा वर्षांत वाढीला लागणाऱ्या नायट्रोजनपैकी निम्म्याहून जास्त या झाडांच्या मुळांवरच्या गाठींतून आला. खताची गोणी जमिनीखाली होती.

पण हे सगळं जमिनीचा पूर्वेतिहास काय त्यावर ठरतं, आणि मला वाटतं मूळ मुद्दा हाच. ब्राझीलमध्ये पारागोमिनासला सोडलेली कुरणं तपासली. जिथे थोडीच चराई झाली होती तिथे वर्षाला हेक्टरी सुमारे 10 टन वाढ. मध्यम वापर, 5 टन. यंत्रांनी खरवडून, वारंवार साफ करून वापरलेलं कुरण, 0.6 टन. एकच पाऊस, एकच प्रदेश. मानाउसजवळ आणखी स्पष्ट दिसलं. जिथे जंगल तोडलं पण आग लावली नाही तिथे सेक्रोपिया आला, आणि त्याच्याखाली दहा वर्षांत इतर जाती भराभर येऊ लागल्या. जिथे कुरणासाठी पुन्हा पुन्हा जाळलं तिथे विस्मिया नावाचं झाड मुळांतून फुटत राहिलं आणि वीस-वीस वर्षं स्वतःच राज्य करत बसलं. आग्नेय आशियात तीच अडवणूक अलंग-अलंग गवत करतं, ते जळतं आणि जळून पुन्हा उगवतं. आग थांबवली नाही तर वटवाघळाने कितीही पेरलं तरी व्यर्थ.

मिझोरममध्ये जुमची, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती सुटलेल्या वेगवेगळ्या वयाच्या रानांत पक्षी आणि झाडं दोन्ही पाहिली गेली. पक्षी पुढे, झाडं मागे. पक्ष्यांसाठी निदान 25 वर्षं रान राखावं लागतं, झाडांसाठी 50 ते 75. आणि जुमचं चक्र लहान होत गेलं की रान बांबूच्या पुढे जातच नाही. फिरती शेती करणाऱ्यांना दोष द्यायची आपल्याला फार सवय आहे. ती शेती रानाला उसंत द्यायची, तोवर रान परत येत होतं. उसंत गेली ती जमीन कमी पडली म्हणून.

प्वेर्तो रिकोबद्दल एकच वाक्य बोलून पुढे जाते. 1940च्या दशकात त्या बेटावर जंगल जेमतेम सहा टक्के उरलं होतं, मग ऊस आणि कॉफी सुटत गेली आणि आज निम्म्याहून जास्त बेटावर झाडी आहे. पण सोडलेल्या शेतांत सगळ्यात आधी पसरली ती आफ्रिकेतून आणलेली पिचकारी, लाल फुलांची. काही जण म्हणतात हे खरं जंगल नव्हे. माझं मत वेगळं आहे. पिचकारीच्या सावलीत तिथली मूळ झाडं उगवताहेत, आणि उघड्या उसाच्या वावरात ती उगवली नसती.

मग आपण काहीच करायचं नाही का? हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. करायचं, पण आधी बघायचं. रोपं आपली येत असतील तर आग आणि गुरं बाहेर ठेवायची आणि हात मागे घ्यायचे. जंगल दूर असेल, गवत माजलं असेल, तर लावायचं. पण सगळीकडे ओळीने नाही. दक्षिण कोस्टारिकात सोडलेल्या कुरणांत झाडांची छोटी बेटं लावून पाहिली, चार मीटर, आठ मीटर, बारा मीटर लांबी-रुंदीची, त्यात पांगाऱ्याचा भाऊबंद आणि इंगा नावाचं शेंगवर्गीय झाड. जागेच्या पाचव्या हिश्शाएवढीच लागवड. पाखरं बेटांवर उतरली, बी पडलं, बेटं पसरली. दीडेक दशकानंतर ते रान पूर्ण लागवड केलेल्या रानाच्या तोडीचं झालं होतं. खर्च कितीतरी कमी. मोठ्या बियांची झाडं मात्र तिथेही मागे राहतात, कारण त्यांना वाहून आणणारे मोठे पक्षी आणि प्राणी कमी झालेत. जायफळ, धूप यांच्यासाठी रोप हातानेच लावावं लागतं. तिथे माणसाची खरी गरज आहे.

दुसरी चिठ्ठी आली. संपवते. वेलींचं राहिलं, मुळांवरच्या बुरशीचं राहिलं, बेडकांचं तर सुरूही झालं नाही.

आमच्या त्या तुकड्यावर आम्ही यंदा पुन्हा गेलो. लावलेल्या रोपांतली बरीचशी सुकली आहेत. तोडलेल्या चांदाड्याच्या काही बुंध्यांना फुटवे आलेत, आम्ही त्यांना नवे बिल्ले लावले. जायफळ नाही. धनेशाची वाट बघतोय.

मघाचा प्रश्न पुन्हा: वटवाघळं न आवडणारे? कमी झालेत. बाहेरच्या टेबलावर एक डबी ठेवलीय, त्यात उघड्यावरच्या कापडावरून धुऊन घेतलेलं बी आहे, शेजारी भिंग आहे. जाताना बघून जा. डबी उघडताना पंखा बंद ठेवा, बी फार हलकं आहे.